कॅन्ससमध्ये घरी बांधलेल्या दुपंखी विमानाचा माग : १९७९ चे एक उड्डाण

गोदातीर (परभणी), ४ जुलै, रात्री ९.१५

सर्वांना नमस्कार. एका जुन्या विमानाचा माग काढायचा आहे आणि माझी गती जिथे संपली आहे तिथून पुढे जाणकारांची मदत हवी आहे.

माझे वडील, ज्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात ज्वारी पैदासकार होते. विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि त्याच वर्षीच्या दुष्काळाने ज्वारीच्या संशोधनाला जी निकड आणली, त्या निकडीतून घडलेल्या पिढीचे ते. १९७७ च्या ऑगस्टमध्ये ते पीएच.डी.साठी कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत गेले. हे विद्यापीठ मॅनहॅटन नावाच्या गावी आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनशी त्या गावाचा काही संबंध नाही, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगावे लागते. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते, त्यामुळे परभणीचा माणूस तिथे अगदीच परका नव्हता.

गावाबाहेर ज्या शेतकऱ्याच्या घरी अण्णा भाड्याने राहत, तो आपल्या कोठारात स्वतःच्या हाताने एक दुपंखी विमान बांधत होता आणि ते हवाई कसरतींसाठी होते. अण्णांनी दोन हिवाळे त्याच्या हाताखाली काम केले. १९७९ च्या एप्रिलमध्ये ते विमान पहिल्यांदा उडाले आणि सप्टेंबरमध्ये अण्णांनी त्यातून उड्डाण केले.

माझ्याजवळ एक डायरी आणि तीन छायाचित्रे आहेत. अडचण अशी की अण्णा डायरीत त्या शेतकऱ्याचा उल्लेख सर्वत्र केवळ ‘मालक’ असा करतात. डायरीत विमानाचा नोंदणी क्रमांक एकदाच आला आहे. तो अमेरिकेच्या विमान नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकला तर भलत्याच राज्यातले चार आसनांचे सेस्ना विमान समोर आले. अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांचे बोलणे जवळजवळ गेले आहे. समजते सगळे, पण शब्द येत नाहीत. त्यामुळे त्यांना विचारून घेण्याचा मार्ग बंद आहे. ते विमान आज कुठे आहे, किंवा निदान त्याचे पुढे काय झाले, एवढे कळले तरी पुरे.

बालाघाट (अंबाजोगाई), ४ जुलै, रात्री १०.०२

गोदातीर ताई, आपल्या वडिलांविषयी आदर ठेवूनच विचारतो. कोठारात बांधलेले विमान, त्यात कसरती, आणि त्यात परभणीचे पैदासकार! आपल्याकडे माणूस परदेशातून आला की त्याच्या आठवणी दरवर्षी थोड्या थोड्या वाढत जातात. डायरी त्या काळात लिहिली आहे की नंतर, हे आधी पाहावे.

चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर), ५ जुलै, सकाळी ७.३०

बालाघाट यांची शंका रास्त आहे, परंतु विमान घरी बांधणे यात अमेरिकेत नवल काहीच नाही. तिथे घरी विमाने बांधणाऱ्यांची संघटना, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन (ईएए), पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीला सुरू केली आणि तिचा ऑशकॉशचा वार्षिक मेळावा जगप्रसिद्ध आहे. कायद्यातही अशा विमानांसाठी वेगळा वर्ग आहे. बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेले असले पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. आपल्याकडे एका मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि त्याची नोंदणी मिळवता मिळवता किती वर्षे गेली, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. अमेरिकेत तोच रस्ता पुष्कळ मळलेला आहे.

मी निवृत्त विमान देखभाल अभियंता आहे. उमेदवारीच्या काळात हैदराबादला बेगमपेठच्या धावपट्टीवर टायगर मॉथच्या पंखांवर कापड चढवले आहे, म्हणून दुपंखी विमानाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार सांगतो. ताई, क्रमांक तूर्त बाजूला ठेवा. आधी विमानाची जात ठरवू. छायाचित्रे पाहून कृपया एवढे सांगा: आसने किती आणि एकामागे एक की शेजारी? वरच्या आणि खालच्या पंखाला जोडणारा उभा स्ट्रट एकच आणि सरळ आहे की इंग्रजी एन अक्षरासारखा? समोरून किंवा वरून पाहता वरचा पंख मागे झुकलेला आहे का? आणि एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, फक्त खालच्या पंखाला आहेत की दोन्ही पंखांना?

गोदातीर, ५ जुलै, दुपारी १.२०

काका, भिंग घेऊन बसले होते. उघडी आसने दोन, एकामागे एक. स्ट्रट प्रत्येक बाजूला एकच, पट्टीसारखा, वर आणि खाली रुंद होत गेलेला. वरचा पंख मधून दोन्हीकडे मागे गेलेला दिसतो, खालचा सरळ आहे. एलेरॉन चारही पंखांना आहेत आणि वरच्या-खालच्या एलेरॉनमध्ये एक बारीक दांडी आहे. शेपटीजवळ काहीतरी लिहिले आहे, पण ते इतके लहान आहे की वाचता येत नाही. दुसऱ्या छायाचित्रात विमान अगदी समोरून घेतले आहे आणि अण्णा नाकाशेजारी, पंखाच्या रेषेतच, उभे आहेत. डायरी त्याच काळातली आहे, बालाघाट दादा. ती १९७८ ची छापील डायरी असून पाने पुरेनात म्हणून १९७९ आणि ८० चा मजकूर समासांत आणि मागच्या कोऱ्या पानांत भरला आहे.

चिकलठाणा, ५ जुलै, संध्याकाळी ६.४५

उत्तम. एन आकाराचे स्ट्रट असते तर स्मिथ मिनिप्लेन किंवा जुने ईएए बायप्लेन म्हटले असते, पण ती दोन्ही एका आसनाची आहेत. पिट्स एस-१ ही हवाई कसरतींची सर्वांत नावाजलेली घरगुती जात. कर्टिस पिट्स यांनी १९४० च्या दशकात ती घडवली, परंतु तीही एका माणसाची. दोन आसनांची पिट्स एस-२ए होती खरी, मात्र ती कारखान्यात तयार होत असे. उरतात स्टोल्प स्टारडस्टर टू आणि स्टीन स्कायबोल्ट. स्टारडस्टरच्या पंखांची टोके चांगलीच गोलाकार असतात.

आता अण्णांचा मोजपट्टीसारखा उपयोग करू. त्यांची उंची सांगा आणि त्या समोरच्या छायाचित्रात वरच्या पंखाची पूर्ण लांबी त्यांच्या उंचीच्या किती पट आहे ते फूटपट्टीने मोजा.

गोदातीर, ५ जुलै, रात्री ८.१०

उंची ५ फूट ५ इंच, पारपत्रावर तशी नोंद आहे. छायाचित्रात अण्णा ३१ मिलिमीटर आणि पंख १३७ मिलिमीटर. पंखांची टोके किंचित गोल केलेली आहेत, पण एकूण आकार चौकोनीच म्हणावा लागेल.

चिकलठाणा, ५ जुलै, रात्री ८.५५

म्हणजे ४.४ पट, अर्थात २४ फुटांच्या आसपास. पिट्स एस-२ए चा पंख २० फुटांचा असतो, तो प्रश्न इथेच मिटला. चारही एलेरॉन, चौकोनी टोके, मागे झुकलेला वरचा पंख आणि सरळ खालचा, २४ फूट: हे स्टीन स्कायबोल्ट असावे, असे मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणतो.

या विमानाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. लामार स्टीन हे कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या एका शाळेत विमानविद्या शिकवणारे शिक्षक. विद्यार्थ्यांना बांधता यावे म्हणून त्यांनी हा आराखडा केला आणि पहिले विमान विद्यार्थ्यांनीच उभे केले. ते १९७० च्या ऑक्टोबरमध्ये उडाले. धड पोलादी नळ्यांचे, पंख लाकडाचे, वरून कापड. मग आराखडे विकायला निघाले आणि शेकडो लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये आणि कोठारांत ते बांधले. कोलोरॅडोला लागूनच कॅन्सस राज्य आहे, हेही लक्षात घ्या.

बालाघाट, ६ जुलै, सकाळी ९.१०

काका, आपण विमानाची जात पटवून दिलीत. पण कसरतीचे काय? धावपट्टीभोवती एक चक्कर मारून आणले असेल. शिवाय कसरतीचे दुपंखी विमान म्हटले की आपल्याकडे लोकांना एकच गोष्ट आठवते, २३ जून १९८० रोजी दिल्लीत सफदरजंग विमानतळाजवळ संजय गांधी ज्यात गेले ते पिट्स विमान. ती बातमी वाचून नंतर डायरीत रंग भरला गेला नसेल कशावरून?

चिकलठाणा, ६ जुलै, सकाळी ११.००

ते विमान वर उल्लेखिलेले एस-२ए होते, कारखान्यातले; त्याची इथे गल्लत नको. कसरतीविषयी मात्र पुरावा सापडू शकतो. अमेरिकेच्या नियमानुसार वैमानिकाबरोबर दुसरा माणूस असेल आणि विमान ६० अंशांहून अधिक कलवायचे किंवा नाक ३० अंशांहून अधिक वर-खाली करायचे असेल, तर दोघांनीही पॅराशूट बांधले पाहिजे. साध्या चकरेसाठी कोणी ते ओझे पाठीवर घेत नाही. ताई, अण्णांच्या खांद्यांवर आणि मांड्यांभोवती रुंद पट्टे दिसतात का?

गोदातीर, ६ जुलै, दुपारी २.४०

दिसतात! तिसऱ्या छायाचित्रात अण्णा पंखावर एक पाय ठेवून उभे आहेत आणि पाठीवर जाड गादीसारखे काहीतरी आहे. इतकी वर्षे आम्ही ती थंडीची बंडी समजत होतो.

बालाघाट दादांसाठी डायरीतले दोन उतारे जसेच्या तसे देते. पहिला १९७९ च्या जानेवारीतला:

‘आज खालच्या डाव्या पंखाचे कापड शिवले. पंख उभा करून मालक या अंगाला व मी त्या अंगाला, मध्ये फूटभर लांबीची सुई. सुई माझ्याकडे आली की मी फासळीच्या दुसऱ्या बाजूने परत पाठवायची. गाठ आपल्या पोत्याच्या टाक्यासारखी नव्हे. प्रत्येक फेऱ्याला वेगळी गाठ बसते, दोरा एके ठिकाणी तुटला तरी बाकीचे टाके जागचे हलत नाहीत. आईला दाखविली असती. गोधडीला उपयोगी आहे.’

आणि हा सप्टेंबरमधला:

‘पुढच्या आसनासमोर पाटी लाविली आहे की हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून सरकारी सुरक्षा नियमांत बसत नाही. मी मालकांस म्हटले, पाटी मला वाचायला लावता आणि मग बसा म्हणता. वर गेल्यावर प्रथम क्षितिज उजवीकडून उभे राहिले, मग डोक्यावर आले. शेते वर, आभाळ खाली. ज्वारीचे पीक तांबूस दिसत होते, तेवढे ओळखले. डाव्या पंखाकडे पाहत राहिलो. कापड हलले नाही.’

जून १९८० मध्येही एक ओळ आहे: ‘मालकांनी वर्तमानपत्र दाखविले. संजय गांधी. बराच वेळ कोणी बोलले नाही.’ सप्टेंबरचा मजकूर त्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि शाईही वेगळी आहे.

बालाघाट, ६ जुलै, दुपारी ३.०५

शंका मागे घेतली. ‘कापड हलले नाही’ हे बनवून लिहिता येत नाही.

मांजरा (लातूर, सध्या डॅलस), ७ जुलै, पहाटे ५.५०

धागा आजच पाहिला. इथल्या नोंदणीविषयी थोडे सांगतो, कारण क्रमांकावरून सेस्ना निघाले म्हणून डायरीतला क्रमांक चुकीचाच आहे, असे लगेच ठरवू नये.

अमेरिकी क्रमांक एन अक्षराने सुरू होतो आणि त्यानंतर जास्तीत जास्त पाच चिन्हे असतात. आधी अंक, आणि हवी असल्यास शेवटी एक किंवा दोन अक्षरे. आपल्याकडे व्हीटी नंतर केवळ अक्षरे येतात, तसे नाही. एखादे विमान नोंदणीतून गेले की काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या विमानाला मिळू शकतो, आणि मालकाला आवडीचा क्रमांक घेऊन जुना सोडताही येतो. म्हणजे आज सेस्नावर असलेला क्रमांक १९७९ साली आपल्या विमानावर असणे अशक्य नाही. शेपटीवरचे लिखाण वाचता येत नाही याचेही कारण साधे आहे, घरी बांधलेल्या फार वेगवान नसलेल्या विमानांना केवळ तीन इंच उंचीची अक्षरे चालतात.

आणखी एक. घरी बांधलेल्या विमानाच्या नोंदीत ‘उत्पादक’ या रकान्यात स्टीन यांचे नाव शोधू नका. कायद्याच्या दृष्टीने ज्याने बांधले तोच उत्पादक, त्यामुळे तिथे बहुधा त्या शेतकऱ्याचे आडनाव असेल आणि नमुन्याच्या रकान्यात स्कायबोल्ट असेल. डायरीतला क्रमांक नेमका कसा लिहिला आहे? अंक स्पष्ट आहेत का?

गोदातीर, ७ जुलै, सकाळी ८.३०

चार अंक आहेत, नंतर एक गोल. ते गोल शून्य आहे की ओ हे अक्षर, हे मला ठरवता आले नाही; मी दोन्ही टाकून पाहिले. बाकीचे अंक स्पष्ट आहेत. पूर्ण क्रमांक इथे देत नाही. विमान आज कुणाच्या तरी मालकीचे असेल.

मांजरा, ७ जुलै, सकाळी ९.०५

ते शून्यच. आय आणि ओ ही दोन अक्षरे एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून या क्रमांकांत कधीच वापरली जात नाहीत.

दुधना (सेलू), ७ जुलै, दुपारी १२.१५

विमानातले मला काही कळत नाही. मी तलाठी होतो. उभा जन्म हस्तलिखित सातबारा आणि फेरफार वाचण्यात गेला. गोदातीर ताईंना एकच विचारतो: त्या चार अंकांत एक किंवा नऊ आहे का? इंग्रजी नऊ आणि मराठी एक घाईच्या अक्षरात अगदी सारखे दिसतात. एका गटाचे क्षेत्र या एकाच अंकाने आठ एकरांनी वाढलेले मी पाहिले आहे आणि त्यावरून दोन भाऊ न्यायालयात गेलेलेही पाहिले आहेत. आपले वडील मराठीत लिहीत असले तरी विमानावरचा क्रमांक ते पाहून उतरवत होते. त्या ओळीत एन कोणत्या लिपीत आहे, ते पाहा.

गोदातीर, ७ जुलै, दुपारी १२.४०

दुधना काका, एन इंग्रजी लिपीत आहे. संपूर्ण पान मराठीत आणि तेवढे एक अक्षर इंग्रजीत. आणि हो, चार अंकांतला दुसरा मी ‘एक’ असा वाचला होता. त्याच पानावर वरच्या बाजूला तारखेत मराठी एक आहे. त्याची शेपटी डावीकडे वळते, क्रमांकातल्याची सरळ खाली येते. तो नऊ आहे.

गोदातीर, ७ जुलै, दुपारी १.१०

सापडले.

उत्पादकाच्या रकान्यात एक आडनाव, नमुना स्कायबोल्ट, बांधणीचे वर्ष १९७९. खाली लिहिले आहे की नोंदणी मुदत संपल्यामुळे २०१३ साली रद्द झाली, आणि शेवटचा पत्ता नेब्रास्कातला. रद्द झाली म्हणजे विमान मोडीत गेले, असेच ना? मी अण्णांना अजून काही सांगितलेले नाही.

मांजरा, ७ जुलै, सायंकाळी ७.३०

नाही, तसे मुळीच समजू नका. पूर्वी इथली विमानाची नोंदणी एकदा केली की चालत राहायची. माणूस वारला, विमान कोठारात कुजले, तरी कागदावर ते जिवंत असे. २०१० च्या ऑक्टोबरपासून नियम बदलला. सगळ्या जुन्या नोंदण्या टप्प्याटप्प्याने २०१३ अखेरपर्यंत संपवल्या गेल्या आणि प्रत्येक मालकाला नव्याने नोंदणी करायला लावली. पुढे तिची मुदत तीन वर्षे होती, २०२३ पासून ती सात वर्षांची झाली. ज्यांनी विमान उडवणे थांबवले होते त्यांपैकी अनेकांनी त्या वेळी अर्जच केला नाही. तेव्हा ‘मुदत संपली’ यावरून इतकेच कळते की २०१३ साली कुणी कागद भरला नाही. मोडीत काढलेल्या किंवा परदेशी गेलेल्या विमानाच्या नोंदीत बहुधा तसे वेगळे कारण लिहिलेले असते.

आता दोन कामे करता येतील. इथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाकडे १९६२ पासूनच्या विमान अपघातांची नोंद संगणकावर खुली आहे. त्यात हा क्रमांक टाकून मी आत्ताच पाहिला, काहीही नाही. दुसरे म्हणजे ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयातून त्या विमानाची संपूर्ण फाइल सीडीवर मागवता येते. विक्रीच्या प्रत्येक व्यवहाराचा कागद, उड्डाणयोग्यतेचा मूळ अर्ज, सगळे त्यात असते. मी आज मागणी नोंदवतो.

चिकलठाणा, ७ जुलै, रात्री ९.००

अपघाताची नोंद नाही ही चांगली गोष्ट, पण जमिनीवर पंख घासला, चाक मोडले असल्या किरकोळ घटना तिथे येत नाहीत, हे ध्यानात असू द्या. मला खरी उत्सुकता आहे ती ओळखपट्टीची. प्रत्येक विमानावर आगीत टिकेल अशी धातूची पट्टी असते. बांधणाऱ्याचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक तिच्यावर कोरलेला असतो. एन क्रमांक बदलला तरी अनुक्रमांक तोच राहतो, आपल्या गाडीचा एमएच-२२ चा एमएच-२० झाला तरी चेसिस क्रमांक राहतो तसा. घरी बांधलेल्या विमानाचा अनुक्रमांक बांधणारा स्वतःच ठरवतो, त्यामुळे तो काहीही असू शकतो.

एक विनंती सर्वांना: मालकाचे नाव किंवा पत्ता इथे कुणीही टाकू नये.

गोदातीर, २१ ऑगस्ट, रात्री ८.२०

उशिराबद्दल क्षमस्व. मांजरा दादांनी मागवलेली सीडी त्यांच्याकडे पोहोचली आणि त्यांनी ५७ पानांची फाइल मला पाठवली. त्यातून इतका इतिहास उभा राहतो. मालकांनी विमान १९८५ च्या मार्चमध्ये विकले. पुढचा धनी कॅन्ससमधलाच, मग १९९३ मध्ये नेब्रास्का, आणि १९९८ पासून शेवटपर्यंत त्याच राज्यातले दुसरे कुटुंब. २००१ च्या एका कागदात वरच्या पंखावर नवे कापड चढवल्याचा उल्लेख आहे. खालच्या पंखांविषयी कुठेही काही नाही.

मात्र मी ज्यावर थांबले ते पान वेगळेच आहे. उड्डाणयोग्यतेच्या अर्जाला विमानाचे तीन बाजूंनी काढलेले रेखाचित्र किंवा छायाचित्रे जोडावी लागतात. या अर्जाला रेखाचित्र आहे, आलेखाच्या कागदावर, अतिशय बारीक पेन्सिलीने. मापे इंग्रजीत आहेत, पण हस्ताक्षर अण्णांचे आहे. शेतातल्या प्रयोगांचे आराखडे ते असेच काढत, एका चौकटीला एक फूट धरून, आणि कोपऱ्यात बाण काढून उत्तर दिशा दाखवत. विमानाच्या रेखाचित्रातही त्यांनी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला आहे! अमेरिकी निरीक्षकाने त्याभोवती गोल करून प्रश्नचिन्ह लिहिले आहे.

दुधना, २१ ऑगस्ट, रात्री ९.०५

नकाशाला उत्तर दिशा हवीच. निरीक्षक चुकला.

बालाघाट, २१ ऑगस्ट, रात्री ९.३०

१९८५ चा मार्च म्हणता. त्या वर्षांत अमेरिकेतल्या मक्या-गव्हाच्या पट्ट्यातले शेतकरी कर्जात बुडाले होते, शेते लिलावात जात होती. मालकांनी ते विमान हौसेने विकले असेल, असे वाटत नाही. आमच्याकडे अशा वर्षी बैलजोडी बाजारात जाते.

चिकलठाणा, २२ ऑगस्ट, सकाळी ७.१५

खालच्या पंखांवर नव्या कापडाचा उल्लेख नाही, याचा अर्थ तो टाका अजून तिथे असू शकतो. पॉलिएस्टर कापड असेल आणि विमान उन्हापासून दूर, छताखाली राहिले असेल, तर चार दशके टिकणे अशक्य नाही. आम्ही टायगर मॉथला सुती कापड लावत असू, ते इतके टिकले नसते. ताई, शेवटच्या पत्त्यावर टपालाने साधे पत्र पाठवा. फोन करू नका. अनोळखी परदेशी आवाजाला लोक दचकतात. पत्रासोबत ती तीन छायाचित्रे आणि त्या रेखाचित्राची प्रत जोडा.

गोदातीर, १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

पत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवले होते. काल उत्तर आले, लिहिणारा शेवटच्या मालकाचा मुलगा आहे. वडील आता नाहीत. विमान २००६ नंतर उडाले नाही, इंजिन विकले गेले, धड ताडपत्रीखाली आहे आणि चारही पंख काढून शेडच्या भिंतीला टांगलेले आहेत. विमान कुणी बांधले हे त्याला कागदांवरून ठाऊक होते, पण सोबत कुणी भारतीय विद्यार्थी होता याची त्याला कल्पना नव्हती. मी पत्रात डाव्या खालच्या पंखाविषयी मुद्दाम लिहिले होते, म्हणून त्याने त्याचे छायाचित्र काढून पाठवले आहे आणि खाली ‘खालचा डावा’ असे लिहिले आहे. पिवळा रंग फिका झाला आहे आणि फासळ्यांवरून जाणाऱ्या फितीखाली टाक्यांच्या गाठी ओळीने उंचवट्यांसारख्या दिसतात.

काल रात्री ते छायाचित्र मोठे करून अण्णांच्या पुढे धरले. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग डाव्या हाताने मान हलवल्यासारखी नकाराची खूण केली. मला वाटले, ओळखले नाही. तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते पंखाच्या धडाकडच्या टोकावर, जिथे काहीच नव्हते, आणि पुन्हा नकार दिला. आई म्हणाली, त्यांना ते जुने छायाचित्र दे. पंखावर पाय ठेवून उभे असलेले, पॅराशूटवाले. त्यात त्यांचा बूट जिथे टेकला आहे तिथे पंखावर काळी खरखरीत पट्टी आहे, चढताना घसरू नये म्हणून लावलेली. नेब्रास्काहून आलेल्या छायाचित्रातल्या पंखाला ती पट्टी नाही.

चिकलठाणा, १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३५

अण्णांचे बरोबर आहे. चढण्याची पट्टी धडाशेजारी असते आणि बहुतेक विमानांत डावीकडूनच चढतात. तो उजवा पंख आहे. भिंतीला टांगताना खालची बाजू समोर आली असेल, म्हणून त्या मुलाला तो डावा वाटला. दुसरा पहायला सांगा.

गोदातीर, १७ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

सांगितले, आणि त्याने दुसरा पंख भिंतीवरून उतरवला. काळी पट्टी आहे, निम्मी सोललेली. अण्णांनी ते छायाचित्र उशीजवळ ठेवून घेतले आहे. काकांनी मागितलेले ओळखपट्टीचे छायाचित्र तो रविवारी धडावरची ताडपत्री काढल्यावर पाठवणार आहे. आले की अनुक्रमांक वगळून इथे लिहीन.